ठसा आणि घडणावळ : इंग्रजी चांदीकामाच्या संग्राहकांची प्रमाणदृष्टी

१

जुन्या वस्तूंचा संग्रह हा सधन माणसांचा छंद आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. तथापि संग्राहक जेव्हा दोन वस्तूंपैकी एक घेतो व दुसरी परत ठेवतो, तेव्हा तो एक निर्णय देत असतो, आणि हा निर्णय मूलतः समीक्षकाचाच होय. फरक इतकाच की, समीक्षकाला आपल्या निर्णयाची कारणे सांगावी लागतात, तर संग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून एखाद्या कलेच्या संग्राहकांनी कोणती प्रमाणे ग्राह्य मानली हे पाहणे म्हणजे त्या कलेच्या समीक्षेचा एक अलिखित अध्याय वाचण्यासारखे आहे.

प्रस्तुत लेखात हा विचार दोन क्षेत्रांपुरता करावयाचा आहे. जुने इंग्रजी चांदीकाम हे पहिले क्षेत्र, आणि सुमारे १८८० ते १९१४ या काळात इंग्लंडात बहरास आलेल्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीतील दागिने हे दुसरे. लिलावाच्या यादीत आणि पुष्कळदा एकाच संग्राहकाच्या कपाटात या वस्तू शेजारी शेजारी नांदतात. परंतु त्यांच्या पारखीची तत्त्वे परस्परांहून इतकी भिन्न आहेत की, एका क्षेत्रात मुरलेला जाणकार दुसऱ्यात हमखास चुकतो. पहिल्या क्षेत्राचा भरवसा ठशावर आहे, दुसऱ्याचा हातावर. यांपैकी कोणताही भरवसा एकटा पुरत नाही, असे आमचे मत आहे.

२

हॉलमार्क हा शब्द आता महाराष्ट्रातील लहानशा गावच्या सराफाच्या पाटीवरही वाचावयास मिळतो. २०२१ पासून भारतातील ठरावीक जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांवर ही मुद्रा सक्तीची झाली आहे. या शब्दातील ‘हॉल’ म्हणजे लंडनच्या सोनारसंघाची वास्तू, गोल्डस्मिथ्स हॉल. इंग्लंडात १३०० च्या कायद्याने चांदीचा कस ठरवून दिला आणि कसास उतरलेल्या वस्तूवर चित्त्याच्या मुखाची मुद्रा उठविण्याची आज्ञा झाली. १३६३ मध्ये प्रत्येक कारागिराने स्वतःची खूण वापरावी असे ठरले. १४७८ पासून दर वर्षी बदलणारे एक अक्षर त्यात आले, तर १५४४ पासून चालत्या सिंहाची आकृती. एक हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी हे ‘स्टर्लिंग’ चांदीचे प्रमाण. नाणी वितळवून भांडी घडविण्याची प्रवृत्ती बळावली तेव्हा १६९७ ते १७२० या काळात भांड्यांसाठी सुमारे ९५८ भागांचा अधिक उंच कस सक्तीचा करण्यात आला. १७७३ मध्ये बर्मिंगहॅम व शेफील्ड येथे कस लावण्याची स्वतंत्र कार्यालये निघाली, आणि बर्मिंगहॅमने नांगर ही आपली खूण म्हणून घेतली. १७८४ ते १८९० पर्यंतच्या वस्तूंवर राजा किंवा राणीचे मुख दिसते. ती कर भरल्याची पावती होय.

ही यादी येथे देण्याचे कारण असे की, यांपैकी एकही मुद्रा कलेविषयी अवाक्षर काढत नाही. चित्ता आणि सिंह धातूविषयी बोलतात, राजमुख कराविषयी. वर्षाचे अक्षर तर कालनिर्णयासाठी योजलेलेच नव्हते. हिणकस माल पुढे आला तर त्या वर्षी कस लावणारा अधिकारी कोण होता हे कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. ऑक्टेव्हियस मॉर्गन याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या अक्षरांची कोष्टके जुळविली आणि चांदीच्या प्रत्येक चमच्याला एकाएकी जन्मतारीख मिळाली. पुढे १८७८ मध्ये क्रिप्स याचा आणि १९०५ मध्ये सर चार्ल्स जॅक्सन याचा, असे दोन ग्रंथ निघाले. जॅक्सनच्या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. त्याच्यावाचून या विषयात पाऊल टाकता आले नसते. परंतु त्याच ग्रंथाने संग्राहकाला एक सवय लावली. तो भांडे हाती घेताच प्रथम उलटे करू लागला. घाट, तोल, कड, मुठीचा जोड यांकडे नजर जाण्यापूर्वी ती तळाच्या चार मुद्रांवर खिळली.

या सवयीचे दोष दोन. पहिला असा की, कारागिराची म्हणून जी खूण सांगतात ती प्रत्यक्ष घडविणाराची असेलच असे नाही. माल कसाला लावण्यासाठी ज्याच्या नावाने नोंद होई, त्याची ती खूण. म्हणून अलीकडचे अभ्यासक तिला घडविणाराची न म्हणता जबाबदार व्यापाऱ्याची खूण म्हणणे पसंत करतात. हेस्टर बेटमन हिने पतीच्या निधनानंतर १७६१ मध्ये आपली खूण नोंदविली व १७९० पर्यंत व्यवसाय सांभाळला. तिच्या आद्याक्षरांच्या वस्तूंना विसाव्या शतकात फार मागणी आली. पण ती सगळी भांडी एका बाईने ऐरणीपाशी बसून ठोकली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तिची करामत एक कारखाना उभा करून चालविण्यात होती आणि तीही लहान नव्हे. पॉल द लामेरी (१६८८–१७५१) याचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या खुणेच्या काही अत्युत्कृष्ट कामांतील उठाव एकाच अनामिक कारागिराच्या हातचा असावा, असे अभ्यासकांच्या ध्यानात आले. १७३६ च्या सुमारास मेनार्ड घराण्यासाठी झालेल्या एका ताटावरून त्या कारागिराला आता ‘मेनार्डचा उस्ताद’ असे म्हणतात. ताटाला धन्याचे नाव होते आणि दुकानदाराची खूण होती; घडविणाराला मात्र ताटाचेच नाव उसने घ्यावे लागले.

दुसरा दोष फसवणुकीचा. झिजलेल्या चमच्यावरील खऱ्या मुद्रा कापून त्या मोठ्या भांड्याच्या तळाला झाळून बसविणे ही जुनी युक्ती आहे. १७२० ते १७५८ या काळात चांदीवर दर औंसाला सहा पेन्स कर होता. तो चुकविण्यासाठी नामांकित कारागीरही लहानशी चकती कसाला लावून आणीत आणि ती मोठ्या भांड्यात बसवीत. म्हणजे मुद्रा खरी, चांदी खरी, कारागीरही खरा, आणि तरीही तो ठसा त्या भांड्याचा नव्हे! जाणता संग्राहक अशा तळावर तोंडाची वाफ सोडतो; क्षणभर धुरकटलेल्या पृष्ठावर झाळेची रेघ उमटते. कोरलेले कुलचिन्ह घासून काढले असेल तर तेथला पत्रा अंगठ्याखाली दबतो. हल्ली क्ष-किरणांनी धातूचे पृथक्करणही करतात. जुन्या चांदीत सोन्याचा व शिशाचा अंश राहून जात असे. विजेच्या साह्याने शुद्ध केलेल्या अलीकडच्या चांदीत तो सापडत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, ठसा खरा की खोटा हे ठरविण्याची वेळ येते तेव्हा पारख ठसा सोडून पुन्हा धातूकडे आणि कामाकडेच वळते.

३

आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीचा उगम रस्किन व मॉरिस यांच्या विचारांत आहे हे सर्वश्रुतच आहे. या नावाची प्रदर्शनसंस्था १८८७ मध्ये निघाली व १८८८ मध्ये तिचे पहिले प्रदर्शन लंडनला भरले. त्याच वर्षी सी. आर. ॲशबी याने पूर्व लंडनच्या कामगार वस्तीत ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ स्थापिले. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांनी त्या वेळी श्रीमंत इंग्रजांचे दागिने भरून गेले होते. दागिन्याची किंमत हिऱ्याच्या आकारमानावर नव्हे तर कामावर ठरावी, हा या मंडळींचा आग्रह. म्हणून त्यांनी सोन्याऐवजी बहुधा चांदी घेतली. पैलू न पाडता गोलसर घासलेले चंद्रकांत, पेरोज, ओपल यांसारखे खडे घेतले. शिंपल्याला चिकटून वाढलेली, जवाहिऱ्यांनी बाजूला टाकलेली वेडीवाकडी मोती घेतली. आणि रंगासाठी मीनाकारीचा आश्रय केला. ॲशबीने रेखिलेले मोराचे दागिने याच वृत्तीचे उत्तम नमुने होत.

हे दागिने संग्राहकाला अडचणीत टाकतात, कारण त्यांपैकी पुष्कळांवर मुद्राच नाही. १७३८ च्या कायद्याने खडे जडविलेल्या व लहानसहान वस्तूंना बऱ्याच अंशी कसातून सूट दिली होती. शिवाय चळवळीतील अनेक स्त्रीपुरुष घरी किंवा लहान शाळांतून काम करीत. मग पारखावे कशावरून? येथे दागिना उलटा करण्याची सवय कामी येते, पण ती मुद्रेसाठी नव्हे. मागील तार कशी वळविली आहे, कोंदणाची कड किती समंजसपणे खड्यावर आणली आहे, मीना तडकू नये म्हणून पाठीमागेही मीनेचा थर दिला आहे की नाही, हे तेथे वाचावयाचे असते. बर्मिंगहॅमच्या आर्थर व जॉर्जी गॅस्किन या दांपत्याच्या दागिन्यांत संकल्पना मुख्यत्वे जॉर्जीच्या आणि मीनाकारी आर्थरची असे. गॅस्किन या एका आडनावामागचे हे दोन हात जो वेगळे ओळखू शकेल, त्यालाच ते दागिने खऱ्या अर्थाने दिसले असे म्हणता येईल.

या चळवळीची सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे चांदीवर राखलेले हातोडीचे ठोके. इंग्रजी चांदीच्या जुन्या परंपरेत हे ठोके शेवटी घोटून नाहीसे करीत. पुण्याच्या तांबट आळीत मठारलेल्या भांड्यावर ठोक्यांची नक्षी मुद्दाम राखतात आणि त्याने पत्र्याला बळकटी येते, हे आपण जाणतो. ॲशबीच्या गिल्डाने ठोके राखले ते एका विचारासाठी : ही वस्तू माणसाने घडविली, यंत्राने नव्हे, ही ग्वाही त्यांनी द्यावी. म्हणजे नकळत तोही एक ठसाच झाला.

आणि जो ठसा झाला त्याची नक्कल होणे अटळ होते. लिबर्टी या लंडनच्या पेढीने १८९९ मध्ये ‘किम्रिक’ नावाने चांदीच्या वस्तू व दागिने बाजारात आणले आणि १९०१ मध्ये बर्मिंगहॅमच्या हॅस्लर या कारखान्याशी भागी केली. यांतील बऱ्याच वस्तू साच्यात दाबून काढलेल्या असत आणि मागाहून त्यांवर हातोडीचे ठोके उठवीत. रेखाटन करणाराचे नाव पेढी प्रसिद्ध करीत नसे; आर्चिबाल्ड नॉक्स हे नाव सामान्य संग्राहकाला पुष्कळ उशिरा कळले. ओमर रॅम्सडेन (१८७३–१९३९) आपल्या भांड्यांवर ‘ओमर रॅम्सडेनने मला घडविले’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे कोरवीत असे. प्रत्यक्षात घडविण्याचे काम बव्हंशी त्याच्या कार्यशाळेतील कारागीर करीत. हाताची जी ग्वाही ठशाच्या विरोधात उभी राहिली होती, तिचाच असा ठसा बनून गेला.

४

१९०२ मध्ये ॲशबीने आपले गिल्ड लंडनहून कॉट्सवोल्ड भागातील चिपिंग कॅम्पडेन या गावी नेले. कारागीर व त्यांची बायकामुले मिळून सुमारे १५० माणसे त्याच्याबरोबर गेली. लंडनची बाजारपेठ दुरावली, कारखान्यांचा स्वस्त माल स्पर्धेस उतरला, मंदी आली आणि १९०७–०८ मध्ये ही संस्था गुंडाळावी लागली. जॅक्सनचा ग्रंथ १९०५ चा आहे हे येथे आठवावे. जुन्या मुद्रा वाचण्याची विद्या इंग्लंडात परिपूर्ण झाली, त्याच सुमारास जिवंत हातांना गिऱ्हाईक मिळेनासे झाले. या चळवळीचे महत्त्व संग्राहकांना पटू लागले ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील १९५२ च्या प्रदर्शनानंतर, म्हणजे गिल्ड बुडाल्यावर सुमारे पंचेचाळीस वर्षांनी.

तरीही यावरून लिबर्टीला खलनायक ठरविणे न्यायाचे होणार नाही. नॉक्सची रेखाटने साच्यातून निघाली म्हणून हीन ठरत नाहीत, आणि गिल्डाचे आरंभीचे काही काम ओबडधोबड होते हेही नाकारता येत नाही. ॲशबीने स्वतः १९११ च्या ग्रंथात आधुनिक जीवनाचा पाया यंत्रावर आहे हे मान्य केले. तसेच ठशाला सरसकट तुच्छ लेखणे हाही एक शहाण्यांचा भोळेपणाच होय. कसाची पारख नसलेल्या गिऱ्हाइकाला सातशे वर्षे ज्याने संरक्षण दिले, तो ठसा लोकोपयोगी आहे. त्याला जे विचारावयाचे नव्हते ते आपण विचारले, ही चूक आपली.

या कथेचा एक धागा आपल्या देशाशीही जुळतो. कॅम्पडेनजवळ राहणाऱ्या आनंद कुमारस्वामींनी १९०८ मध्ये सिंहली कलेवरील आपला ग्रंथ ॲशबीच्याच छापखान्याच्या यंत्रांवर छापून घेतला. आणि त्यांच्या ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ (१९०९) या भारतीय कारागिरांवरील पुस्तकाला ॲशबीने प्रास्ताविक लिहिले. इंग्रज कारागीर ज्या काळी भारतीय कारागिराकडे आदर्श म्हणून पाहत होता, त्या काळी आणि त्यानंतरही आपल्याकडील रीत कोणती? आजीची वाकी किंवा गोठ सराफाकडे मोडीत निघाले की काट्यावर वजन होते, कस लागतो, आणि घडणावळ शून्य धरली जाते. घडणावळ हा आपला शब्द मोठा अर्थपूर्ण आहे; हाताला त्यात स्वतंत्र मोल आहे. पण ते मोल आपण विकत घेताना एकदाच, तेही कुरकुरत मोजतो.

इंग्रज संग्राहकाने निदान एवढे केले की, शंभर वर्षांनंतर का होईना, घडणावळ मोजली. मात्र ती त्याने पुष्कळदा भलत्याच्या पदरात टाकली. म्हणून संग्रहाच्या सूचीत, मग तो संग्रहालयाचा असो वा घरचा, तीन नोंदी अलग ठेवाव्यात असे आम्हांस सुचवावेसे वाटते : धातूची ग्वाही कोणी दिली, माल कोणाच्या नावाने बाहेर पडला, आणि काम कोणाच्या हातचे. तिसऱ्या रकान्यात बहुधा ‘अज्ञात’ असेच लिहावे लागेल. ते लिहावे. तो रकाना कोरा सोडला किंवा दुसऱ्या रकान्यातील नाव त्यात उतरविले, तर घडविणारा पुन्हा एकदा मोडीत निघतो.