पंचाहत्तरच्या पोटात ऐंशी

टोयोटाच्या लँडक्रूझर ७५ यूटचा पुढचा ॲक्सल पाहायचा तर पाठीवर पडून गाडीखाली शिरावं लागतं. मूळ गाडी असेल तर दोन्ही बाजूंना पाटे दिसतात, आपल्याकडच्या ट्रकला असतात तसेच, एकावर एक बांधलेले. मी लिहितो आहे त्या यूटखाली पाटे नाहीत. त्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आहेत. पुढचा-मागचा ॲक्सल लँडक्रूझर ८०चा आहे आणि इंजिनही ८०चंच. बाहेरून मात्र ती गोल दिव्यांची, सपाट बॉनेटची, रंग विटलेली १९९०च्या दशकातली शेतावरची यूट आहे.

पुढे केबिन आणि मागे उघडा ट्रे, अशी ही यूट ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी. फोर्डच्या जिलाँगच्या कारखान्यात ल्यू बँड्ट यांच्या आराखड्यावरून १९३४मध्ये पहिली यूट निघाली. टोयोटाची ७५ त्याच घराण्यातली, पण चारही चाकं चालवणारी आणि फार सोशिक. तिचं वन-एचझेड हे सहा सिलिंडरचं, ४१६४ सीसीचं डिझेल इंजिन टर्बोशिवाय, कॉम्प्युटरशिवाय लाखो किलोमीटर चालतं. ज्या गाडीत मोडण्यासारखं फारसं काही नाही, तिच्यात बदल करायचा तर कारण तितकंच भक्कम हवं.

ते कारण रस्त्यात आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किम्बर्लीतला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरचा. त्याच्या कच्च्या पट्ट्यात मुरुमावर लागोपाठ आडव्या लाटा उठलेल्या असतात. पाट्यांची पानं एकमेकांवर घासतात, त्या घर्षणामुळे लहानशा धक्क्याला पाटा हलतच नाही आणि धक्का सरळ चासीत, तिथून माणसाच्या मणक्यात जातो. कॉइलमध्ये ते घर्षण नाही. टोयोटाने ८०ला पुढे-मागे कॉइल दिले आणि ७५ला १९९९पर्यंत पाट्यांवरच ठेवलं. तेव्हा धाकट्या ८०चे पाय थोरल्या ७५ला लावावेत हे कुणालाही सुचेल. ते निभावणं अवघड आहे.

अवघड का, ते या यूटचा पुढचा भाग पाहताना कळतं. पाटा एकटाच दोन कामं करतो: वजन पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरतोही. कॉइल फक्त वजन पेलतो. ॲक्सलने पुढे-मागे सरकू नये म्हणून दोन लांब रेडियस आर्म लागतात आणि डावी-उजवीकडे जाऊ नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड. ७५च्या चासीवर यातल्या कशालाच जागा ठेवलेली नाही. प्रत्येक ब्रॅकेट नव्याने घडवावा लागतो, आणि तो कुठे बसवायचा हे ठरवण्यातच कारागिराची सगळी समज दिसते.

पॅनहार्ड रॉडचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. स्टिअरिंगच्या ड्रॅग लिंकचंही एक टोक चासीवरच्या स्टिअरिंग बॉक्सकडे आणि दुसरं चाकाकडे. खड्ड्यातून जाताना ॲक्सल वर उचलला की दोन्ही रॉड आपापल्या कमानीत फिरतात. या कमानी सारख्या नसतील तर चालकाने स्टिअरिंग न हलवताही चाकं वळतात. ताशी शंभरच्या वेगात मुरुमाच्या रस्त्यावर हे जिवावर बेतू शकतं. या यूटमध्ये दोन्ही रॉड समांतर आहेत आणि त्यांची लांबीही जवळपास सारखी आहे. गाडी दोन इंच उंच केली आहे, पण एकाचं टोक जितकं खाली आणलं तितकंच दुसऱ्याचंही. मी बराच वेळ त्या दोन रॉडकडे पाहत राहिलो. तिथे चकचकीत काही नाही, साधा काळा रंग आहे, पण सगळ्या गाडीची अक्कल त्या दोन समांतर रेषांत आहे.

आता वेल्डिंग. घाईचा कारागीर ब्रॅकेट चासीला उभ्या रेषेत वेल्ड करतो. तापलेल्या त्या एका रेषेवर सगळा ताण येतो आणि काही वर्षांनी चासीला तिथेच चीर पडते. इथे ब्रॅकेटखाली आधी एक जाड प्लेट आहे, दोन्ही टोकांना तिरकी कापलेली. त्यामुळे वेल्ड तिरका धावतो आणि ताण लांबवर पसरतो. गाडी उंच केली की रेडियस आर्म फिरतात आणि चाकाचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कल, कमी होतो, दर इंचाला साधारण एक अंश, आणि स्टिअरिंग सैल वाटू लागतं. त्यावर उपाय म्हणून आर्मला मध्य सरकवलेले बुश घातले आहेत.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे टोयोटानेच अर्धं काम करून ठेवलं होतं. ८०चं वन-एचडी-एफटी हेही ४१६४ सीसीचंच. बोअर ९४ मिलिमीटर, स्ट्रोक १०० मिलिमीटर, दोन्हींचं घराणं एक. म्हणून ते ७५च्या जुन्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सला जोडलं जातं. फरक आतला आहे: थेट इंजेक्शन, चोवीस व्हॉल्व्ह आणि टर्बो. टॉर्क सुमारे २८५ न्यूटन-मीटरवरून ३८०वर जातो. जुन्या वन-एचझेडलाच टर्बो लावून पैसे वाचवणारे पुष्कळ आहेत. पण त्याचं कॉम्प्रेशन २२च्या वर आणि ज्वलनाची सुरुवात हेडमधल्या छोट्या कप्प्यात. दाब वाढवला की हेड तडकायची भीती राहते. पंप यांत्रिक असलेलंच इंजिन निवडलं, हेही मला आवडलं. गावापासून पाचशे किलोमीटरवर बंद पडलं तरी पान्याने उघडता येतं.

८० ही कायम चारही चाकांवर चालणारी गाडी आणि ७५ला फोर-व्हील हवी तेव्हाच जोडायची. म्हणून पुढच्या ॲक्सलला हाताने लॉक करायचे हब बसवले आहेत. मागे ड्रमऐवजी डिस्क आल्या, तेव्हा पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब पुन्हा जुळवला आहे. दोन्ही ॲक्सल एकाच गाडीचे असल्याने डिफरन्शियलचा रेशो जमवायचा प्रश्नच आला नाही.

मागचा मूळ ॲक्सल आणि पाटे ठेवले असते तर ट्रेवर ओझं लादायला बरं पडलं असतं, असं मला आधी वाटलं. पण मग मागची चाकं पुढच्यांपेक्षा आत राहिली असती. खुद्द टोयोटाने २००७मध्ये ७९ यूटमध्ये व्ही-८ बसवण्यासाठी पुढचा भाग रुंद केला आणि मागचा ॲक्सल तसाच ठेवला. दोहोंत ९५ मिलिमीटरचा फरक पडला, आणि वाळूत मागची चाकं पुढच्या चाकोरीत चालेनाशी झाली. कारखान्याने जे केलं नाही ते ही यूट घडवणाऱ्या माणसाने केलं. त्याची किंमत म्हणजे मडगार्डबाहेर आलेली चाकं झाकणारे रुंद फ्लेअर. ते मला आवडले नाहीत. ७५च्या सडसडीत कमरेला ते शोभत नाहीत.

ऑस्ट्रेलियात असा बदल करून गाडी तशीच रस्त्यावर आणता येत नाही. व्हीएसबी १४ या राष्ट्रीय नियमावलीप्रमाणे, आणि ज्या त्या राज्याच्या अटींप्रमाणे, मान्यताप्राप्त इंजिनिअर इंजिन, ब्रेक, सस्पेन्शन तपासून प्रमाणपत्र देतो. ही कटकट वाटणाऱ्यांशी मी सहमत नाही. समोरून येणाऱ्या कुटुंबाला त्या दोन समांतर रॉडचा भरवसा हाच कागद देतो.

अशी यूट विकत घ्यायला कधी गेलात तर मालक आधी बॉनेट उघडून टर्बो दाखवेल. तो पाहा, पण सौदा ठरवण्याआधी सतरंजी मागून घ्या आणि गाडीखाली शिरा. पॅनहार्ड रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर नसतील तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नका.