तोकव्हिल घरचाच दोष दाखवतो, राजवाडे?

पिंपळनेरहून धुळ्याला कॉलेजला जाणाऱ्यांना राजवाडे संशोधन मंडळ ऐकून माहीत असतं. राजवाडे वाचलेलं पोरगं मात्र क्वचितच भेटतं. वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं खाली काढली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले. पहिला १८९८चा. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच वारले. त्या मेहनतीपुढे हात जोडावेत. माझं भांडण त्यांच्या प्रस्तावनांशी आहे.

त्या वाचताना आलेक्सी द तोकव्हिल आठवतो. फ्रान्समधला उमराव. क्रांतीत त्याच्या आईच्या आजोबांना गिलोटिनवर चढवलं, आईवडील तुरुंगात होते. त्याने क्रांतीला नुसत्या शिव्या घातल्या असत्या, तरी कुणाला नवल वाटलं नसतं. त्याने तूर नावाच्या शहरातलं जुनं सरकारी दप्तर चाळलं आणि १८५६च्या पुस्तकात लिहिलं: उमरावांनी कारभार सोडला, सवलती मात्र धरून ठेवल्या, म्हणून ते लोकांना असह्य झाले.

राजवाड्यांकडे कागद कमी नव्हते. पण ब्राह्मणांचा विषय निघाला की त्यांच्यातला संशोधक उठून वकील बोलायला लागतो. कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं, त्याला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९१८मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिलं, ते उगाच नाही.

‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ मात्र वेगळा. तिथे ऋषी-पूर्वजांचीही भीड नाही. तो राजवाडे मी बेधडक तोकव्हिलशेजारी बसवेन. साधनांचा खंड हाती आला, तर आधी पत्रं वाचा, प्रस्तावना नंतर.