‘दर्शन’ म्हणजे नुसतं बघणं? एका गाजलेल्या पुस्तकाशी थोडं भांडण

धर्म, समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्रात संशोधन करायचं ठरवलंत की पहिल्या वर्षीच कुणीतरी डायना एक यांचं ‘दर्शन’ हे पुस्तक हातात देतं. (हो, आडनाव ‘एक’ असंच आहे.) १९८१ साली आलेलं, शंभरेक पानांचं छोटंसं पुस्तक. एका बैठकीत वाचून होतं. म्हणूनच की काय, मंदिरावर लिहिलेल्या बहुतेक प्रबंधांत त्याचा उल्लेख सापडतो. माझ्याही पहिल्या प्रकरणात होता. आज त्या पुस्तकाबद्दल, आणि त्याच्यामुळे माझी नजर कशी एकाच जागी अडकली, त्याबद्दल.

आधी पुस्तकाचं श्रेय. मूर्तिपूजा म्हणजे दगडाची पूजा, हा जुना पाश्चात्य समज लेखिकेने नीट मोडून काढला. भक्त देवाला बघतो आणि देवही भक्ताला बघतो, ही दुहेरी नजर पूजेच्या केंद्रस्थानी आहे, हा तिचा मुख्य मुद्दा. मूर्तीचे डोळे उघडण्याच्या विधीला इतकं महत्त्व का, हे त्यातून छान उलगडतं. आणि हेही सांगायला हवं की स्पर्श, श्रवण यांचा उल्लेख ती करते. म्हणजे ‘तिला स्पर्श माहीतच नाही’ अशी टीका करणं अन्यायाचं होईल. माझा आक्षेप वेगळा आहे. स्पर्शाचा उल्लेख येतो, पण सिद्धांत उभा राहतो तो डोळ्यांवर. आणि वाकणारं शरीर? ते जवळजवळ गळूनच जातं.

आता हा सिद्धांत पंढरपुरात नेऊन बघू.

तिथे दोन रांगा असतात : मुखदर्शनाची आणि पदस्पर्श दर्शनाची. सिद्धांताप्रमाणे मुखदर्शन पुरेसं व्हायला हवं, कारण नजरानजर तिथेही होतेच. तरीही एकादशीला लोक तासन्‌तास, वारीच्या दिवसांत त्याहूनही जास्त वेळ, दुसऱ्या रांगेत उभे राहतात. कशासाठी? विठोबाच्या पायांवर क्षणभर डोकं टेकवण्यासाठी. डोकं पायांवर असतं तेव्हा डोळ्यांना देवाचा चेहरा दिसत नाही, दिसला तर दगड दिसतो. वर सरकलं नाही तर सेवेकरी पुढे ढकलतात, ते वेगळंच. म्हणजे सगळ्यात मोलाचा क्षण हा न बघण्याचा आहे! या स्पर्शाने मूर्तीच्या पायांची झीज होते, वज्रलेप करावा लागतो. कोविडच्या काळात पदस्पर्श बंद होता, तो २०२२च्या गुढीपाडव्याला पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याची बातमी झाली. नुसत्या बघण्याने काम भागत असतं तर एवढं अडलं नसतं.

कुणी म्हणेल, पंढरपूर अपवाद आहे. बरोबर, बहुतेक मोठ्या मंदिरांत गाभाऱ्यात जाऊन मूर्तीला हात लावता येत नाही. पण तिथेही शरीर आपली वाट काढतंच. उंबऱ्यावर पाय न देता त्याला हात लावून तो हात कपाळाला नेणं, कासवापाशी डोकं टेकणं, आत जाता आलं नाही तर बाहेरूनच कळसाला हात जोडणं. दक्षिणेतल्या वैष्णव मंदिरांत तर पुजारी भक्ताच्या डोक्यावर शठारी ठेवतो. तिच्यावर विष्णूची पावलं असतात. म्हणजे डोकं पायांपर्यंत पोचत नसेल तर पाय डोक्यापर्यंत येतात.

मग वाकण्यावर कुणी लिहिलंच नाही का? लिहिलंय. सी. जे. फुलर यांनी ‘द कॅम्फर फ्लेम’ (१९९२) या पुस्तकात नमस्काराकडे नीट लक्ष दिलंय. माणसांतला आणि देवापुढचा नमस्कार एकाच जातीचा, आणि दोन्हींत लहान-मोठेपणाची उतरंड आहे, असा त्यांचा रोख. हे मला जास्त पटतं. पण पंढरपूरच्या वाटेवर तेही अडखळतं.

तर झालं असं की, दिंडीसोबत चालताना सत्तरीच्या पुढचे एक आजोबा सरळ माझ्या पायांवर वाकले. मी दचकून मागे सरले. अहो आजोबा, हे काय करताय, असं म्हणाले. ते हसले आणि म्हणाले, ‘माउली, आता तुम्ही.’ तेव्हा लक्षात आलं, इथे वाकणं एकतर्फी नसतं. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, वय न बघता. मागे सरणं हाच इथला उद्धटपणा. मी वाकले. त्या रात्री टिपण काढताना उतरंडीच्या रकान्यात हे कुठे बसवू, ते कळेना.

पण इथे भाबडं होऊ नका. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’मध्ये एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसत असल्याचं नोंदवून ठेवलंय. आणि देवळाच्या दाराशीच बघा. नामदेव पायरीवर लोक भक्तीने डोकं टेकतात. तिथेच जवळ चोखामेळ्याची समाधी आहे, बाहेर. ज्यांना आत जायची मनाई होती त्यांचा नमस्कार कित्येक पिढ्या तिथेच थांबला. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. एकाने पायरीवर वाकणं ही त्याची निवड असते, दुसऱ्याला पायरीच्या पुढे जाऊच दिलेलं नसतं. कृती तीच, अर्थ उलटा. ‘देव बघतो, भक्त बघतो’ या वाक्यात हा फरक दिसायची सोयच नाही. माझी खरी तक्रार ही आहे.

दोष सगळा त्या पुस्तकाचा नाही. ते मुळात ओळख करून देणारं पुस्तक होतं, आपणच त्याचा सिद्धांत करून टाकला. माझ्या जुन्या वह्यांत पानापानावर ‘दर्शन घेतले’ एवढंच लिहिलंय. कोण कुठे थांबलं, काय कशाला टेकवलं, यातलं काहीच नाही. दोन महिन्यांचं काम असं पोकळ निघालं.

म्हणून तुम्ही क्षेत्रकार्याला निघाल तेव्हा वहीत एवढं नक्की लिहा : शरीर नेमकं कुठे थांबतं, कशाला काय टेकतं, कोण कुणापुढे वाकतं, समोरचा उलट वाकतो का, आणि कोणाला तिथवर येऊच दिलं जात नाही. ‘दर्शन’ जरूर वाचा. फक्त संदर्भ देण्याआधी एकदा रांगेत उभे राहा. आणि हो, कुणी पाया पडलं तर माझ्यासारखं मागे सरू नका.