१९८२चा सर्वोत्तम मराठी चित्रपट आणि निपाणीची वखार

१९८२ सालचा सर्वोत्तम मराठी चित्रपट कोणता, हा वाद रसिकांत फार वेळ चालत नाही. कुणीतरी ‘उंबरठा’चे नाव घेते आणि बाकीचे माना डोलावतात. मला हा वाद इतक्या लवकर मिटलेला मान्य नाही. बेळगाव-निपाणीकडच्या मराठी माणसाने तर यात आणखी एक नाव आग्रहाने मांडायला हवे: ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. हा पंचवीस मिनिटांचा, १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला माहितीपट. त्याच वर्षीचा, मराठी भाषेतला आणि आपल्या निपाणीतला. तरीही मराठी चित्रपटांच्या चर्चेत तो क्वचितच येतो.

वर्ष तसे भरगच्च होते. दादा कोंडके यांचा ‘आली अंगावर’ त्याच वर्षी आला. द. मा. मिरासदारांच्या कथेवर रवी नमाडे यांनी ‘एक डाव भुताचा’ केला. दिलीप प्रभावळकर आणि अशोक सराफ यांची त्यातली जोडी आजही पाहताना ताजी वाटते. राजदत्त आणि अरविंद देशपांडे यांच्या ‘शापित’ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यशवंत दत्त आणि मधु कांबीकर यांनी त्यात गावच्या सत्तेखाली पिचलेली माणसे इतक्या तळमळीने उभी केली आहेत, की हा चित्रपट आज विस्मरणात जावा याचे दुःख होते. त्याच पुरस्कारांत कन्नडचा मान प्रेमा कारंत यांच्या ‘फणियम्मा’ला मिळाला. एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरचा, बालविधवेच्या आयुष्याचा आणि एका स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. सीमाभागात दोन्ही भाषा समजणारा प्रेक्षक घरोघरी आहे. त्याला हे दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहता येतात, ही आपली श्रीमंती आहे. कर्नाटकात तेव्हा कन्नड भाषेसाठी गोकाक आंदोलन पेटले होते आणि राजकुमार यांच्यासारखा नट त्याच्या अग्रभागी होता. भाषा आणि सिनेमा त्या वर्षी इतके जवळ आले होते.

आता ‘उंबरठा’. पुरस्कारांच्या हिशेबात तो १९८१चा धरला गेला, पण प्रेक्षकांनी तो पाहिला १९८२मध्ये. शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत. सुरेश भटांच्या गझलेला लता मंगेशकरांचा आवाज लाभला आणि चित्रपट न पाहिलेल्या घरांतही ती गझल पोचली. समाजकार्याची पदवी घेतलेली सुलभा महाजन नवरा आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. तिथली व्यवस्थापन समिती, पैशाचे व्यवहार, आश्रमातल्या मुलींवर डोळा ठेवणारा पुढारी, या सगळ्यांशी ती झुंजते, हरते आणि परतते. तोवर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा घर सोडते.

स्मिता पाटीलने यात जे केले त्याला मराठी पडद्यावर तोड नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. त्याच वर्षी ती ‘अर्थ’, ‘बाजार’, ‘शक्ती’ आणि ‘नमक हलाल’मध्येही होती. सुलभा मात्र वेगळी आहे. पहिल्यांदा आश्रमाच्या आवारात शिरतानाची तिची चाल आणि राजीनामा देऊन निघतानाची चाल यांत एका बाईचे वय वाढल्याचे दिसते. गिरीश कर्नाडांनी उभा केलेला तिचा नवरा सुभाष तितकाच महत्त्वाचा. कन्नड नाटककाराने मराठी वकिलाची भूमिका करताना त्याला खलनायक होऊ दिले नाही. तो समजूतदार आहे, मवाळ बोलतो, म्हणूनच त्याचे वागणे अधिक लागते.

तरी माझा एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. आश्रमातल्या बायका चित्रपटात सुलभेच्या परीक्षेसाठी येतात. एकीवर अन्याय होतो, दोघींचे प्रेम उघडे पडते, कुणी जीव देते, आणि प्रत्येक वेळी कॅमेरा सुलभेच्या चेहऱ्याकडे वळतो. सुलभा गेल्यावर त्या बायकांचे काय झाले, हे चित्रपट सांगत नाही. तेंडुलकरांची लेखणी निर्दय होती, पण या ठिकाणी तिने मध्यमवर्गीय प्रेक्षकाला थोडे सोडून दिले.

निपाणीचा माहितीपट नेमका त्या सोडलेल्या जागेवर उभा आहे. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८०मध्ये बंगळुरात ‘युगांतर’ हा चित्रपट-गट सुरू केला. देशातला तो पहिला स्त्रीवादी चित्रपट-गट मानला जातो. पुण्याच्या घरकामगार बायकांवरचा ‘मोलकरीण’ त्यांनी १९८१मध्ये केला आणि नंतर ही मंडळी निपाणीला आली. काही महिने राहिली. कॅमेरा काढण्याआधी वखारीतल्या बायकांचे ऐकत बसली.

निपाणी तेव्हा धगधगत होती. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९८१च्या मार्चमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. ही कहाणी निपाणीत सगळ्यांना पाठ आहे. वखारीतल्या बायकांची कहाणी मात्र तितकी सांगितली जात नाही. तंबाखू कुटायची, चाळायची, दिवसभर ती भुकटी नाकातोंडात घ्यायची, मजुरी तुटपुंजी, वर मुकादमाची अरेरावी. या बायका संघटित झाल्या, सुभाष जोशींसारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत उभे राहिले, आणि हजारो बायकांनी संप केला. असंघटित म्हणवल्या जाणाऱ्या कामगारांची ही त्या काळातली मोठी चळवळ होती.

चित्रपटाची खरी ताकद त्याच्या घडणीत आहे. संप कॅमेरा येण्याआधी होऊन गेला होता. मग बायकांनीच तो पुन्हा उभा केला. आपण कशा निघालो, कुठे थांबलो, काय घोषणा दिल्या, हे त्यांनी करून दाखवले. कलावंत त्याच, साक्षीदार त्याच, आणि गोष्ट कशी सांगायची हेही बरेचसे त्यांनीच ठरवलेले. नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांचा कॅमेरा त्यांच्याकडे दयेने पाहत नाही. तो त्यांच्यात बसतो. वखारीतल्या धुरळ्यात काम करणारे हात आणि सभेत बोलताना उंचावलेले हात एकाच बाईचे आहेत, हे कुणी समजावून न सांगता कळते. कानावर येते ती निपाणी-चिकोडीकडची मराठी, पुण्या-मुंबईच्या पडद्याने तोवर विनोदासाठी राखून ठेवलेली. इथे त्या बोलीत मजुरीचा हिशेब मांडला जातो, डावपेच ठरतात.

त्यात उणे आहेच. मालकांची बाजू नाही, संघटनेतले मतभेद जवळजवळ नाहीत, आणि पंचवीस मिनिटांत एखाद्या बाईचे घरदार नीट कळत नाही. ‘उंबरठा’ एका मनात जितका खोल उतरतो तितका हा उतरत नाही.

तरीही निवड करायची तर माझे मत निपाणीला. घराबाहेर पडलेल्या बाईने पुढे काय करायचे, हा ‘उंबरठा’चा प्रश्न. सुलभा एकटी निघते आणि चित्रपट तिथे थांबतो. वखारीतल्या बायका त्या प्रश्नाच्या पुढे गेल्या होत्या, आणि त्यांचा चित्रपट तेवढाच पुढे गेला. त्याच वर्षी, त्याच भाषेत.

मग तो आपल्या नोंदींत का नाही? माहितीपट म्हणून चित्रपटाच्या याद्यांतून वगळला गेला, थिएटरला लागला नाही, बंगळूरच्या गटाचा म्हणून महाराष्ट्राने आपला मानला नाही, आणि मराठी म्हणून कर्नाटकानेही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरच्या महाजन आयोगाने १९६७मध्ये निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले होते. ते झाले नाही, आणि सीमावादाचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नकाशाचा निकाल लागेल तेव्हा लागो. आपल्या भाषेतली एक मोठी कलाकृती आपली म्हणायला कुणाच्या निकालाची गरज नाही. तिची काळजी अखेर बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने घेतली, ‘युगांतर’चे चित्रपट डिजिटल करून जपले, आणि आज ते आंतरजालावर पाहता येतात.

निपाणीच्या आणि बेळगावच्या महाविद्यालयांना, वाचनालयांना माझी विनंती आहे. एका संध्याकाळी ‘उंबरठा’ आणि ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ एकापाठोपाठ दाखवा. त्या संपात असलेल्या बायका आज आजीच्या वयाच्या आहेत. त्यांना पुढच्या रांगेत बसवा, आणि चित्रपट संपल्यावर आधी त्यांना बोलू द्या.