गाडी उलटी करून बघा

मामाने ट्रंकेतून काढून दाखवलेली छोटी फोक्सवॅगन मी उलटी केली, तळावर ‘निकी टॉइज’ वाचलं आणि म्हणालो, “डुप्लिकेट आहे, मामा.” त्याने काही न बोलता ती परत फडक्यात गुंडाळली.

मी चुकलो होतो. लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मेकॅनो कंपनी ‘डिंकी टॉइज’ बनवायची. 1960च्या दशकाच्या अखेरीस तिने काही साचे कलकत्त्याच्या एस. कुमार अँड कंपनीला विकले. त्यांतून निघाल्या त्या निकी. मामाच्या गाडीचं बॉनेट ज्या पोलादी पोकळीत थिजलं, त्याच पोकळीत आधी लिव्हरपूलच्या गाड्यांची बॉनेटं थिजली होती.

बिन्स रोडचा कारखाना नोव्हेंबर 1979मध्ये बंद पडला. बऱ्याच वर्षांनी अ‍ॅटलस एडिशन्सने जुन्या डिंकी गाड्या पुन्हा बाजारात आणल्या: चीनमध्ये बनवलेल्या, नव्या साच्यांतून काढलेल्या, हुबेहूब जुन्यासारख्या खोक्यांतल्या. संग्राहक यांना आदराने ‘री-इश्यू’ म्हणतात. निकीला मात्र ‘ओबडधोबड’ हे विशेषण ठरलेलं. माझी तक्रार या भाषेबद्दल आहे.

छपाईचं उदाहरण घ्या. निकी म्हणजे जुन्याच खिळ्यांवर दुसऱ्या गावात छापलेली प्रत. खिळे झिजलेले, शाई जाड. अ‍ॅटलस म्हणजे पहिल्या आवृत्तीकडे बघत नव्याने केलेली जुळणी, मुखपृष्ठासकट. दुसरी देखणी आहे, यात वाद नाही. पण मूळ पाठाच्या जवळ कोण?

हे धातूवर वाचता येतं. त्यासाठी एक नियम पुरतो. साच्यातलं पोलाद खरवडणं सोपं, पुन्हा भरणं कठीण. साच्यात खरवडलं की गाडीवर उंचवटा येतो. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन नमुन्यांपैकी ज्यावर एखादी जादा पट्टी किंवा आधाराची रेघ आहे, तो बहुधा नंतरचा. उलट उंचवटा गायब असेल, तर त्या जागी भरल्याचा व्रण शोधा. निकीच्या काही नमुन्यांच्या तळावर जुनं नाव खोडून नवं टाकल्याच्या खुणा अशाच दिसतात. आम्ही कोडमध्ये बदल केला की कमिट मेसेज लिहितो. इथे मेसेज नाही, फक्त डिफ आहे.

पुढे झीज बघा. दाराच्या फटी उथळ होतात, जाळीच्या रेघा बोथट होतात, साच्याची दोन अर्धुकं जुळतात तिथे धातूची पातळ कड सुटते. शेवटी व्हर्नियर लावा. जस्ताचा मिश्रधातू थिजताना साधारण 0.6 टक्के आकसतो. तयार गाडीवरूनच साचा घेतला आणि ही घट भरून काढली नाही, तर 95 मिलिमीटरची नक्कल अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आखूड भरते. मात्र चांगला साचेकार ही घट आधीच धरतो, त्यामुळे लांबी जुळली म्हणजे साचा जुना, असं ठरत नाही. रंगावर तर अजिबात विसंबू नका. रंग उतरवून पुन्हा चढवता येतो. तळाचा रिव्हेट मात्र बघा, कारण गाडी उघडायची तर तो छेदावा लागतो.

या सगळ्या कसोट्या लावल्यावर माझ्या लक्षात आलं, की आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो तेव्हा दोन गोष्टींची गल्लत करतो. एक साच्याचा वंश, दुसरी दिसण्याची सफाई. सफाईच्या बाबतीत अ‍ॅटलस जिंकते, आणि लहानपणी हुकलेली गाडी शेल्फवर हवी असेल तर ती जरूर घ्यावी. पण वंशाच्या बाबतीत कलकत्त्याच्या गाडीचा हक्क मोठा आहे. थकलेल्या साच्यांतून कामगारांनी जे काढलं, त्यातली प्रत्येक बोथट रेघ त्या साच्याच्या आयुष्याचा पुढचा भाग आहे. तिला दोष म्हणायला हरकत नाही. तिला खोटं म्हणणं चूक आहे.

मामाला फोन करून हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मग त्या दिवशी नीट न बघताच बोललास होय?” तो म्हणाला.