नावाची गाळणी : माध्यम-निरीक्षण प्रणालीतील शोध-फिल्टरची चिकित्सा
(विशेष संदर्भ : शहागंज, छत्रपती संभाजीनगर)

प्रस्तावना :
वृत्तपत्रांची कात्रणे कापून वहीत चिकटविण्याचे काम आज संगणक-प्रणालीकडे आले आहे. महाराष्ट्र शासनानेही मार्च २०२५ मध्ये माध्यम-निरीक्षण केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला. अशा प्रणालीत हजारो बातम्यांतून हव्या त्या निवडण्यासाठी शब्द, स्थान, भाषा, दिनांक व स्रोत असे फिल्टर असतात. ही साधने तटस्थ असतात असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा शहागंजच्या उदाहरणावरून केली आहे.

शब्द-फिल्टर व नामांतर :
या शहरासाठी 'संभाजीनगर' हे नाव १९८८ पासून राजकीय व्यवहारात रूढ झाले. दै. 'सामना' ते अधिकृत नामांतराच्या कितीतरी आधीपासून छापत होता. इतर बहुतेक पत्रे 'औरंगाबाद' लिहीत. शहराचे अधिकृत नामांतर फेब्रुवारी २०२३ मध्ये झाले, तर जिल्ह्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. तथापि लोकसभा मतदारसंघ व उच्च न्यायालयाचे खंडपीठ यांच्या नावात 'औरंगाबाद' कायम आहे. येथील 'औरंगाबाद टाइम्स' या उर्दू दैनिकाच्या तर शीर्षकातच ते आहे. म्हणजेच कोणते नाव लिहिले जाते यावरून अनेकदा काळ, भाषा आणि भूमिकाही सूचित होते. अशा ठिकाणी एकाच नावाचा फिल्टर लावणे म्हणजे नकळत मतांचीही गाळणी लावणे होय.

याचे गांभीर्य एका घटनेवरून स्पष्ट होईल. मे २०१८ मध्ये मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार परिसरात दंगल होऊन दोघांचा मृत्यू झाला. आज एखाद्या अभ्यासकाने 'छत्रपती संभाजीनगर' आणि 'शहागंज' हे दोन्ही शब्द अनिवार्य केले, तर त्या वेळच्या वृत्तांपैकी जवळजवळ काहीच हाती लागणार नाही. पडद्यावरील कोरी यादी 'येथे काही घडले नाही' असे सांगेल आणि तीच संशोधनात पुरावा म्हणून येईल.

स्थान, वगळणी व विभक्ती :
औरंगाबाद जिल्हा बिहारमध्येही आहे व त्याच नावाचा लोकसभा मतदारसंघही तेथे आहे. शाहगंज उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात आहे, आग्र्यातही आहे. हा गोंधळ टाळण्यासाठी 'बिहार वगळा' अशी अट घातली जाते. परंतु शहागंजच्या बाजारपेठेत काम करणाऱ्या बिहारी मजुरांविषयीची बातमीही त्याच अटीने बाहेर पडते. स्थान-फिल्टर बातमीचे घटनास्थळ पाहतो की आवृत्तीचे प्रकाशनस्थळ, हेही तपासले पाहिजे.

मराठीची प्रकृती ही आणखी एक अडचण आहे. 'शहागंज' हा शब्द वाक्यात शहागंजात, शहागंजमधील, शहागंजच्या अशा रूपांनी येतो. तंतोतंत जुळणीची अट घातल्यास ही रूपे सुटतात. उर्दूत तेच नाव 'शाह गंज' असे दोन शब्दांत येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकूर आणि ई-पेपरची नुसती चित्ररूप पाने यांपर्यंत तर शब्द-शोध पोहोचतच नाही.

निष्कर्ष :
फिल्टर टाकून देणे हा यावरील उपाय नव्हे. त्याशिवाय माहितीच्या ढिगात काहीच सापडणार नाही. मात्र क्रम बदलणे आवश्यक आहे. प्रथम सर्व नावे, सर्व लेखनरूपे व तिन्ही-चारही भाषा 'किंवा'ने जोडून व्यापक शोध घ्यावा. मग दिनांक व स्रोत यांनी तो अरुंद करावा. वगळणीची अट शेवटी घालावी आणि वगळलेल्या बातम्यांपैकी काही प्रत्यक्ष वाचून पाहाव्यात. संशोधन-प्रबंधात निकालांच्या संख्येबरोबर शोधसूत्रही नोंदविणे मार्गदर्शकांनी बंधनकारक करावे. काय सापडले हे सांगणाऱ्या अभ्यासकाने काय गाळले हेही सांगितले पाहिजे. शासकीय निरीक्षणाला तर हा दंडक अधिकच लागू होतो. कारण तेथे गाळली गेलेली बातमी ही बहुधा एखाद्या मोहल्ल्याची न ऐकली गेलेली तक्रार असते.