रमेशचा पगार आणि कापरेकरांची संख्या

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंग शिकू लागलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक येते. त्याची लोकप्रियता रास्त आहे. इंग्रजी सोपे, विवेचन समोर बसून बोलल्यासारखे. मराठी माध्यमातून रत्नागिरीच्या महाविद्यालयात आलेल्या मुलालाही ते धीर देते. तक्रार आहे ती या आणि अशा बहुतेक पाठ्यपुस्तकांतील सुरुवातीच्या उदाहरणांबद्दल.

आरंभी सरळव्याज. मग स्वाध्यायात रमेशचा मूळ पगार, त्यावर 40 टक्के महागाई भत्ता आणि 20 टक्के घरभाडे भत्ता. मग फॅरनहाइटचे सेल्सिअस. यांत चूक काहीच नाही; पण ही गणिते शाळकरी मूल कागदावर करते. दोन ओळींच्या उत्तरासाठी दहा ओळींची आज्ञावली लिहायची आणि एक अर्धविराम राहिला म्हणून संगणकाची बोलणी खायची, हे कशासाठी? 'पुढे नोकरी मिळेल' हे उत्तर विद्यार्थ्याला फार तर परीक्षेपर्यंत नेते. तोवर जर्नल शेजाऱ्याचे पाहून उतरवले जाते आणि 'हे आपले काम नव्हे' अशी त्याची समजूत होऊन बसते.

संगणकाची गरज पटायला हात थकेल असा प्रश्न हवा. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (1905–1986) यांनी तो देऊन ठेवला आहे. सगळे अंक सारखे नाहीत अशी चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तरावर तेच पुन्हा करा. 3524 वरून 3087, मग 8352, मग 6174. पुढे 6174 च येत राहते.

चार-पाच संख्या वर्गात हाताने करवून घ्याव्यात आणि विचारावे, 'सर्वच संख्यांचे असे होते का?' 1000 ते 9999 मध्ये अशा 8991 संख्या आहेत. आता आज्ञावलीवाचून गत्यंतर नाही. भागाकाराची बाकी, क्रमवारी, पुनरावृत्ती हे सारे गरजेपोटी शिकले जाते. (मध्येच 999 आले तर ते 0999 धरावे.) सातपेक्षा जास्त पायऱ्या कुठेच लागत नाहीत, हे विद्यार्थी स्वतः पाहतो. मग पाच अंकी संख्या द्याव्यात. तिथे एकच एक संख्या मिळत नाही, चक्रे मिळतात. आज्ञावली थांबतच नाही. कारण मात्र शिक्षकांनी सांगू नये.

पहिल्याच आठवड्यात हे जड जाईल, हा आक्षेप खरा आहे. तेव्हा तयार आज्ञावली देऊन तीत बदल करायला सांगावे. ज्यांना संख्यांची गोडी नाही, त्यांना रत्नागिरीच्या 30 वर्षांच्या जूनमधील रोजच्या पावसाच्या नोंदी द्याव्यात. त्या 900 होतात. पाऊस बहुधा कोणत्या आठवड्यात जोर धरतो, हे त्यांनी शोधावे.

रमेशचा पगार पुस्तकात असू द्यावा. पण तो पहिल्या दिवसापुरताच.